उभा राहिलो म्हणून अर्ज फेटाळला

तुरुंगात आजारी पडणं म्हणजे काय, हे बाहेरच्या आजाऱ्याला कळत नाही आणि आतल्या धडधाकटालाही कळत नाही. जो आतही आहे आणि आजारीही आहे, त्यालाच ते कळतं. तशा माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी हे लिहितोय. माझी शाळा तिसरीपर्यंत. पुढं गुरं होती. अक्षर मोठं येतं, काना-मात्रा चुकते, पण सांगायचं ते मीच सांगणार. संपत म्हणाला, "तुमी बोला, मी लिहितो." म्हटलं, नको. तू मधीच गोड करशील.

संपत माझा मुलगा. बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला आहे. त्याच्या भाड्याच्या खोलीत सध्या मी असतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला नंतर फसल्यासारखं वाटायला नको. मी खुनाच्या गुन्ह्यातला जन्मठेपेचा कैदी. इंदापूर तालुक्यात, निरवांगीच्या अलीकडं आमची वस्ती. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून माझी आणि चुलतभाऊ भीमरावची बांधावर जुंपली. माझ्या हातात खोरं होतं. भीमराव गेला. कोर्टात मी 'नाही' म्हटलं नाही. त्याच्यावर यापेक्षा जास्त मी इथं लिहिणार नाही. हे आजारपणाचं लिहिणं आहे.

चप्पल

सुरुवात चपलेपासून झाली. चप्पल आवळायला लागली. मी म्हटलं, धुऊन धुऊन आकसली असेल. बराकीतल्या एकानं बघितलं आणि म्हणाला, "तात्या, चप्पल हाय तेवढीच हाय. पाय बघा की." पाय फुगले होते. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. तरी मी डॉक्टरकडं गेलो नाही. पाय सुजला म्हणून रांगेत उभं राहायचं, हे मला पटेना. आयुष्यात मी कधी डोकं दुखतंय म्हणून झोपलेला माणूस नाही.

मग तोंडाची चव गेली. भाकरी लोखंड चावल्यासारखी लागायची. अंगाला खाज सुटली, रक्त निघेपर्यंत. एका सकाळी हजेरीला उभा होतो आणि श्वासच पुरेना. तुरुंगाच्या दवाखान्यातून मला मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथं रक्त काढलं, पोटावर यंत्र फिरवलं. डॉक्टर म्हणजे नातीच्या वयाची पोरगी.

"बाबा, दोन्ही किडन्या निकामी झाल्यात."

"औषध द्या."

"औषधानं भागणार नाही. मशीनवर रक्त स्वच्छ करायला लागेल. आठवड्यातून तीनदा."

"असं किती आठवडं?"

तिनं माझ्याकडं न बघता शेजारच्या पोलिसाकडं बघितलं. म्हणाली, "कायम."

वर आणखी सांगितलं, पाणी कमी प्यायचं. दिवसाचं पाणी मापून, आणि चहा, आमटी त्यातच धरायची. लघवी होत नाही, मग प्यालेलं पाणी अंगातच राहतं, फुफ्फुसात चढतं. तो पोलीस माझी केस ओळखून होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "घ्या तात्या. पाण्यासाठी आत आलात, आन आत आल्यावर पाणीच बंद." हसला, आणि लगेच वरमला. मला राग आला नाही. मलाही तेच सुचलं होतं.

बायको मी आत असतानाच गेली होती, त्यामुळं हे तिला सांगायची वेळ आली नाही. ते एक बरं झालं.

साखळी

डायलिसिसला हाताची एक शीर फुगवून घेतात. त्या जागेवर बोटं ठेवली की आत थरथरतं, दूरवर कुठं विहिरीवर मोटर चालू असावी तसं. ती थरथर आहे तोवर तुम्ही आहात, असं सिस्टर म्हणायची. डाव्या हाताला दोन जाड सुया, आणि उजवा पाय साखळीनं कॉटला बांधलेला. चार तास असंच पडायचं. मधेच पोटऱ्यांत असे गोळे येतात की माणूस ओरडतो. साखळीतला पाय झाडता येत नाही. तेव्हा मी दात दाबायचो. ओरडलो नाही कधी. आता वाटतं, ओरडायला हवं होतं. कुणीतरी लिहून ठेवलं असतं.

कैद्याला दवाखान्यात न्यायला पोलिसांची तुकडी लागते. तिला 'पार्टी' म्हणतात. कुठं सभा असली, मिरवणूक असली की पोलीस तिकडं जातात. मग पार्टी नाही. पार्टी नाही म्हणजे गाडी नाही आणि गाडी नाही म्हणजे मशीन नाही. "उद्या बघू, बाबा." उद्या कधी परवावर जायचा. अशा वेळी आडवं होता येत नाही. आडवं झालं की छातीत पाणी गळ्यापर्यंत आल्यासारखं होतं. भिंतीला पाठ लावून, तोंड उघडं टाकून बसायचं. मला भीती कशाला म्हणतात ते तिथं कळलं. फाशी होईल की जन्मठेप, हे कोर्टात ऐकताना मी ताठ उभा होतो. भिंतीला टेकून श्वास ओढताना मात्र मी मनात बायकोला हाक मारली.

आपल्या माणसाची पार्टी चुकली तर ती दर वेळी नोंदवून घ्यायला लावा. पुढं ज्या वकीलबाई भेटल्या, त्यांना कोर्टात त्याचाच उपयोग झाला.

चांगलंही सांगतो. पार्टीत एक हवालदार असायचा, बारामतीकडच्या लोणी भापकरचा. मला बघून म्हणाला, "आपल्याकडचाच माणूस की." दवाखान्यात भेटीची वेळ झाली की बायाबापड्या, पोरं आत यायची आणि पहिली नजर साखळीवर जायची. हा आपला पंचा काढून माझ्या पायावर टाकायचा. पहिल्यांदा टाकला तेव्हा मी काढून फेकला. म्हटलं, "मला कशाची लाज?"

तो म्हणाला, "तुमाला न्हाय, मला हाय. साखळी काढायचा मला अधिकार न्हाय, तात्या. झाकायला तर कुणाची परवानगी लागत न्हाय."

पुन्हा मी पंचा फेकला नाही. आणि एक सिस्टर होती, ती बर्फाचा बारीक तुकडा आणून जिभेवर ठेवायची. "घाई करू नका, चोखा." तेवढ्या तुकड्यावर माझी दुपार निघायची.

बोर्ड

असा आजार असला तर शिक्षा संपायच्या आधी सोडावं म्हणून अर्ज करता येतो. फुकट सल्ला देणाऱ्या एक वकीलबाई तुरुंगात यायच्या. त्यांनीच सांगितलं. मी आधी नको म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "तात्या, तुम्हाला कुठं मरायचंय?" एवढं स्पष्ट मला कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, "घरी. वस्तीवर." त्यांनी अर्ज तयार केला.

डॉक्टरांचा बोर्ड बसणार होता. मी काय केलं असेल? आदल्या दिवशी दाढी करून घेतली. टोपी धुतली. बराकीतल्या पोरांनी खुर्चीत घालून नेतो म्हटलं, त्यांना शिवी हासडली. चार मोठे डॉक्टर टेबलामागं बसलेले. मी दारापासून टेबलापर्यंत भिंत न धरता चालत गेलो. कालच मशीन झालेलं, त्यामुळं अंगात थोडा दम होता. होता तेवढा सगळा तिथं खर्च केला.

"चालता येतं का?"

"चालतो की."

"स्वतःची अंघोळ, कपडे?"

"माझं मीच करतो."

खोटं होतं. बराकीतला एक कैदी माझी पाठ धुवायचा, पायजम्याची नाडी बांधायचा. पण ते त्या चार परक्या माणसांपुढं कसं सांगायचं? एवढ्यात एका डॉक्टरचं पेन खाली पडलं. शिपाई वाकायच्या आत मी वाकलो, पेन उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. डॉक्टर म्हणाले, "वा आजोबा." मी खूश होऊन बाहेर आलो. परत येताना गाडीत ओकलो.

काही महिन्यांनी तुरुंगाच्या कचेरीत बोलावून वाचून दाखवलं. अर्ज नामंजूर. कैदी आधाराशिवाय चालतो, वाकतो, स्वतःची कामं स्वतः करतो. उपचार आत राहूनही होऊ शकतात. आणि दुसरं म्हणजे पोलिसांचा अहवाल. मयताच्या पत्नीची हरकत आहे, कैदी गावात आल्यास शांतता बिघडू शकते.

दुसरं मला माहीत होतं. पहिलं ऐकताना मात्र कानशिलं तापली.

मुलाखतीला, म्हणजे भेटीला, संपत आला. पेनाचं त्याला वकीलबाईंकडून कळलं होतं. मधे काच, बोलायला फोन. त्यानं फोन उचलला आणि 'कसं हाय' सुद्धा विचारलं नाही.

"तात्या, तुमाला कुणी सांगितलं हुतं पेन उचलाया?"

"पडलं म्हणून उचललं."

"त्यांचं पेन! त्यांच्याकडं शिपाई न्हाय का? तुमाला काय बक्षीस मिळणार हुतं?"

"मी काय लोळत जायचं काय त्यांच्यापुढं?"

"व्हय! लोळायचं! जसं हाय तसं जायचं. मी हितं सुट्ट्या मारून वकीलबाईंच्या मागं फिरतोय, सुनंदा भावकीत हातापाया पडती, आन तुमी तितं पैलवानकी दाखवताय?"

सुनंदा म्हणजे माझी सून. मी फोन ठेवून दिला. वेळ बाकी होती, तरी उठून आत गेलो. मागं वळून बघितलं नाही. बघायला वळलो असतो तर पडलो असतो, हेही खरं.

शेजारची कॉट

वकीलबाई म्हणाल्या, हायकोर्टात दाद मागू. कोर्ट नवीन बोर्ड बसवायला सांगेल. "पण तात्या, या वेळी खरं सांगायचं. खोटं आजारपण दाखवा असं मी म्हणत नाही. खरं लपवू नका, एवढंच."

मी म्हटलं, "बाई, मला भीक मागायची न्हाय. राहू द्या."

तिथंच ते राहिलं असतं. पण डायलिसिसच्या खोलीत माझ्या शेजारच्या कॉटवर दुसऱ्या तुरुंगातला एक म्हातारा असायचा. त्याचाही अर्ज वर गेलेला. आम्ही एकमेकांशी फार बोलत नव्हतो. तो मशीन सुरू झालं की भजन पुटपुटायचा, मला त्याचा वैताग यायचा. एका दुपारी त्याचं पुटपुटणं थांबलं. सिस्टर धावल्या, छाती दाबली, पडदा ओढला. मग पडदा उघडला तेव्हा सगळं संपलं होतं.

सुया काढल्या. पाय मात्र तसाच. त्याच्या पार्टीतला पोरगेला पोलीस किल्ली हातात धरून उभा होता. सिस्टर म्हणाली, "काढा की ती साखळी आता." तो म्हणाला, "पंचनामा होईपर्यंत काढता येत नाही, सिस्टर. वरून साहेब यायचेत." त्याचेही डोळे भरले होते, त्याला मी दोष देत नाही. माझं मशीन संपेपर्यंत साहेब आले नव्हते. मला खाली नेलं तेव्हा चादरीतून त्याचा घोटा बाहेर दिसत होता आणि साखळी घासून तिथली कातडी काळी पडली होती. तेवढीच जागा माझ्याही पायाला काळी आहे.

गाडीत बसल्यावर मी लोणी भापकरच्या हवालदाराला म्हटलं, "वकीलबाईंना निरोप द्या. करा म्हणावं अपील."

दुसरा बोर्ड

या वेळी मी खुर्चीतून गेलो. दाढी वाढलेली. पार्टी नसल्यानं आदलं मशीन चुकलं होतं, ते काही मी मुद्दाम केलं नव्हतं. डॉक्टर वेगळे होते, त्यातला एक मात्र मागचा होता. त्यानं मला ओळखलं नाही.

"चालता येतं का?"

उत्तर द्यायला मला वेळ लागला. डॉक्टरांना वाटलं, ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

"न्हाय," मी म्हटलं. "संडासला दोघं धरून नेतात. धुतोबी दुसराच. नाडी बांधता येत न्हाय. आडवं झोपता येत न्हाय. बसून झोपतो. परवा बसल्या जागी घाण झाली, ती पोरांनी काढली."

एवढं बोलून मी खाली बघत बसलो. कुणी 'वा आजोबा' म्हटलं नाही. जन्मठेप ऐकली तेव्हा मान खाली गेली नव्हती, त्या दिवशी गेली. पण जो कुणी अशा बोर्डापुढं जाणार असेल, त्यानं हेच करावं. मान पुन्हा वर येते, किंवा येत नाही. माणूस मात्र बाहेर येतो.

कौसल्या

राहिली भीमरावची बायको, कौसल्या. कोर्ट तिचंही म्हणणं ऐकणार होतं.

इथं माझ्या मुलानं माझ्यासारखीच चूक केली. भावकीतले चार जाणते पुरुष गोळा केले, फेटे-टोप्या घालून तिच्या ओसरीवर जाऊन बसले. बैठक घातली. तिनं दार लावून घेतलं. आतूनच म्हणाली, "माझा नवरा पडला तवा हे चौघं कुठं व्हते?" चहासुद्धा न घेता चौघं उठले.

मग सुनंदा एकटी गेली. कुणाला न विचारता. कौसल्या उसात खुरपत होती. सुनंदानं पदर खोचला, शेजारची सरी धरली आणि खुरपायला लागली. सरी संपेपर्यंत दोघी बोलल्या नाहीत. हे मला सुनंदानंच पुढं सांगितलं.

सरीच्या टोकाला कौसल्या म्हणाली, "लई आजारी हाय का?"

"व्हय, आत्ती."

"मरंल?"

"डॉक्टर तसंच म्हणत्यात."

"तू बोलायला आलीस म्हणून सांगती. सोडा त्याला. माझी हरकत न्हाय. पण ह्या गावात पाय ठेवायचा न्हाय. जिता न्हाय आन मेलेलाबी न्हाय. तुमच्या शेताची वाट माझ्या दारावरनं जाती. त्याची तिरडी मला त्या वाटंनं बघायची न्हाय. कबूल असंल तर बोल. आन मी माफ केलं, असं कुठं बोलू नको."

तिनं माझ्याविषयी बोलणं आमच्यात सोपं नाही, म्हणून सांगतो. कौसल्या माझ्या धाकट्या चुलतभावाची बायको, मी तिचा थोरला दीर. लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्यासमोर कधी उभी राहिली नाही की बोलली नाही. मी दिसलो की पदर पुढं आणि तोंड भिंतीकडं. तिचा आवाज मी नीट असा पहिल्यांदा कोर्टात ऐकला, साक्षीच्या पिंजऱ्यात. आणि दुसऱ्यांदा हा, सुनंदाच्या तोंडून.

वकीलबाईंनी हमीपत्र तयार केलं. बारामतीत मुलाकडं राहीन, पोलीस ठाण्यात हजेरी देईन, इंदापूर तालुक्यात पाऊल टाकणार नाही. मी म्हटलं, "बाई, तुमी मला इचारलं हुतं, कुठं मरायचंय. मी काय सांगितलं हुतं?"

"घरी."

"मग हे काय हाय?"

त्या म्हणाल्या, "साखळीशिवाय. एवढंच मला मिळवता येईल, तात्या."

मी दोन भेटी सही केली नाही. तिसऱ्या भेटीला केली. कचेरीतल्या माणसानं शाईचं पॅड पुढं सरकवलं, ते मी परत सरकवलं. अंगठा नाही, सही केली. पूर्ण नाव.

बाहेर

कोर्टानं सोडलं. दारातून मी खुर्चीत बसूनच बाहेर आलो. बाहेर हवा वेगळी लागते म्हणतात. मला काही लागली नाही, मला उलटी येत होती.

लोकांना वाटतं सुटका झाली म्हणजे गोष्ट संपली. घरच्यांची खरी तेव्हा सुरू होते. संपतची खोली म्हणजे एक दार, एक खिडकी. सकाळी पाळीला जाणाऱ्या मोटारसायकलींच्या आवाजानं भिंत हलते. आठवड्यातून तीनदा मला इथल्या दवाखान्यात न्यायचं. त्यासाठी संपत रात्रपाळी मागून घेतो आणि दिवसा झोपत नाही. सुनंदा मला उठवते, बसवते, धुते. सुनेनं सासऱ्याचं हे सगळं करायचं! पहिले आठ-पंधरा दिवस मी डोळे मिटून घ्यायचो. ती म्हणायची, "तात्या, डोळं मिटून तुमी दिसायचं थांबत न्हाय." माझ्या पाण्याचं माप ती ठेवते. एकदा मी चोरून तांब्याला तोंड लावलं तर तिनं तांब्या हिसकून घेतला आणि मग कोपऱ्यात बसून रडली.

खिडकीतून शेत दिसत नाही. गाव एवढ्या अंतरावर, की कुणी मोटारसायकलवर टाकून नेलं तर दुपारचं जेवण तिथं होईल. तरी मी जायला सांगितलं नाही. सही केली आहे.

गणपती होऊन गेल्यावर मला वाटलं, आता बास. डायलिसिस बंद केलं की काही दिवसांत माणूस जातो, हे मी दवाखान्यात बघून ठेवलं होतं. एका सकाळी संपत न्यायला आला तर मी भिंतीकडं तोंड करून पडलो. म्हणजे बसलो, पडता येतच नाही.

"उठा, तात्या."

"आज न्हाय. उद्याबी न्हाय. मला न्यायचं बंद कर."

"का?"

"घरी मरायचं हुतं. घर तर न्हाईच. मग हितं रोज काय म्हणून जगायचं? तुझी नोकरी खातोय, तिची कंबर मोडतोय."

संपत ओरडायचा माणूस नाही. त्या दिवशी ओरडला. "कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या त्या ह्याच्यासाठी? आत असताना जगायचं हुतं आन भाईर आल्यावर मरायचं? तुमाला कायम कुणाच्या तरी उलटंच जायचं असतं!" शेजारच्या खोलीतली बाई दारात आली. तो तसाच निघून गेला. त्या दिवशी मशीन चुकलं. मी चुकवलं.

दुसऱ्या दिवशी सुनंदा गावाहून आली. वाट्यानं लावलेला ऊस बघायला ती अधूनमधून जाते. पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "तात्या, कौसल्याआत्तीनं तुमाला इचारलंय."

"मला?"

"त्यांच्या नातीचं ठरलंय. मुलाकडचे तारीख मागत्यात. तुळशीचं लग्न झाल्यावर धरायची म्हणत्यात. पण आत्ती म्हणाल्या, त्याचं काय सांगावं? पत्रिका वाटल्या, मांडव पडला, आन ह्यानं डोळं मिटलं, तर?"

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. भावकी एक आहे आमची. मी गेलो की सुतक तिच्या घरालाही. खून केला म्हणून सुतक तुटत नाही. भीमराव गेला तेव्हा माझ्या घरानंही ते पाळलं होतं. मी कोठडीत होतो आणि माझ्या घरात त्याचा दहावा होईपर्यंत देवाला दिवा नव्हता. आता ज्या बाईला मी विधवा केलं, तिला नातीच्या अक्षता टाकायच्या आधी माझी तब्येत विचारावी लागते.

"अजून काय म्हणाली?"

"म्हणाल्या, डॉक्टर काय सांगत्यात ते इचारू नको. त्यालाच इचार. त्यो हट्टी हाय. त्यानं ठरवलं तर टिकंल."

श्वास नीट येत नव्हता, आदल्या दिवशीचं मशीन चुकलेलं. सुनंदा तशीच उभी.

"सांग तिला," मी म्हटलं, "तारीख धर म्हणावं."

"नक्की, तात्या?"

"एकदा सांगितलं ना. धर म्हणावं. आन संपतला उठव."

त्याच दुपारी दवाखान्यात जागा मिळेपर्यंत बाकावर बसलो. तेव्हापासून एकही चुकवलेलं नाही. पाणी मापातच पितो, मापापेक्षा कमीच. केळं नाही, टोमॅटो नाही, शहाळं नाही. पोटरीत गोळा आला की आता ओरडतो, मग सिस्टर येऊन मशीन कमी करते. लग्नाला मी जाणार नाही, मला कुणी बोलावलेलं नाही आणि बोलावू नये. पत्रिका छापल्या, असं सुनंदा सांगत होती. लग्नानंतरचं मी काही ठरवलेलं नाही. डॉक्टर मान हलवतात, हलवू देत.

काल सकाळी दवाखान्याचं दार उघडायच्या आधीच आम्ही पोचलो. संपतनं मला बाकावर बसवलं. सिस्टर किल्ली घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, आज एवढ्या लवकर?"

म्हटलं, "काम हाय."